एकाच आडनावाची माणसं कशी वेगळी करायची: माझी मन्रोंची वही

सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यावर कुणीही लिहायला बसलं की दुसऱ्या-तिसऱ्या पानावर मन्रो येतोच. मे १८१८, पेशवाईचे शेवटचे दिवस, इंग्रजांची फौज, जनरल मन्रो. इथपर्यंत सगळं बरोबर असतं. मग लिहिणाऱ्याला त्याचं पहिलं नाव हवं असतं आणि तिथं घोटाळा होतो. कुणी हेक्टर लिहितं, कुणी जॉन, आणि एका शाळकरी निबंधात तर मी अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष जेम्स मन्रो सिद्धेश्वर तलावाच्या काठी आलेला वाचला आहे.

मी छापखान्यात तेहतीस वर्षं मुद्रितं तपासली. खिळ्यांच्या केसेसपासून ऑफसेटपर्यंत. त्या काळात एका स्मरणिकेत ‘सर हेक्टर मन्रो यांनी सोलापूर जिंकले’ हे वाक्य माझ्या हातून सुटलं. ऱ्हस्व-दीर्घ पाहिले, सन पाहिला, माणूस पाहिला नाही. सातशे प्रती बांधून तयार होत्या. शुद्धिपत्राची चिठ्ठी छापून घेतली आणि मी आणि माझी मुलगी दोन रात्री खळीचं भांडं मध्ये ठेवून एकेका प्रतीत ती चिकटवत बसलो. हेक्टर मन्रो १८०५ सालीच वारला होता. आपल्या गावाचा किल्ला कुणी घेतला, एवढी एक गोष्टही आपण नीट छापू शकलो नाही, हे मला फार लागलं. त्यानंतर मी मन्रोंची वही सुरू केली. आज तिच्यात पंधराच्या वर मन्रो आहेत. ही वही कशी ठेवायची ते सांगते. कुठल्याही आडनावाला ती चालते.

वही लांबट घ्या, लाल कापडी पुठ्ठ्याची, व्यापारी दिवाळीत पूजेला ठेवतात तशी. मी नवी पेठेतून आणली होती. एका माणसाला एक पान, मग त्या पानावर दोनच ओळी भरल्या तरी चालतील. पानाच्या माथ्यावर नाव लिहायचं नाही. आधी जन्मसाल आणि मृत्युसाल, त्याखाली गाव, त्याखाली काम आणि सगळ्यात शेवटी नाव. लोक इथं हमखास उलटं करतात. नाव आधी लिहिलं की डोळ्याला ते ओळखीचं वाटतं आणि डोळा पुढं पाहत नाही. साल आधी असलं की डोळा थांबतो.

दुसरं काम नावाच्या सगळ्या रूपांचं. मराठीत मला मन्रो, मनरो, मुन्रो, मुनरो आणि मोन्रो अशी पाच रूपं भेटली. वहीच्या पहिल्या पानावर ती पाचही लिहून ठेवा, कारण जुन्या पुस्तकाच्या सूचीत तुम्ही ‘म’खाली एकच रूप शोधाल आणि माणूस दुसऱ्या रूपात दडलेला असेल. इंग्रजीतही तीच तऱ्हा. मधला स्वर कुठं यू, कुठं ओ, आणि शेवटी कुठं ई लागतो, कुठं नाही. एडिंबरोच्या डॉक्टर घराण्यात ओ, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाला ओ आणि शेवटी ई, आपल्या जनरलला यू आणि शेवटी काही नाही. पण स्पेलिंगवरून माणूस ओळखायला जाऊ नका. केरळात कोल्लमजवळ अष्टमुडी सरोवर आणि कल्लडा नदी मिळतात तिथं मन्रो तुरुत्तु नावाचं बेट आहे. इंग्रजीत त्याच्या नावाला शेवटी ई लावतात, पण ज्या कर्नल जॉन मन्रोवरून ते नाव पडलं त्याच्या आडनावात तो ई नाही.

आता आडनाव म्हणजे काय ते समजून घ्या. मन्रो हे स्कॉटलंडच्या उत्तरेकडचं, रॉस परगण्यातलं कूळ. फाउलिस किल्ला ही त्यांच्या प्रमुखाची गादी. तिथल्या गेलिक भाषेत या माणसांना ‘रोथाख’ म्हणतात आणि त्याचा अर्थ ‘रो’कडचा माणूस असा लावतात. ही रो म्हणजे आयर्लंडमधली रो नदी, तिथून पूर्वज आले, अशी कुळाची परंपरा सांगते. म्हणजे आपल्या अक्कलकोटकर, पंढरपूरकर यांच्यासारखंच झालं. सगळे पंढरपूरकर एका घरातले नसतात हे आपल्याला सांगावं लागत नाही. स्कॉटलंडात तर कुळाच्या प्रमुखाच्या जमिनीवर राहणारी रयतसुद्धा त्याचं आडनाव लावायची. म्हणून दोन मन्रो दिसले की लगेच काका-पुतण्या ठरवू नका. वहीत नात्यासाठी एक रकाना ठेवा आणि पक्कं कळेपर्यंत तो कोरा राहू द्या.

आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातली तेलुगू मंडळी आडनावाला ‘इंटि पेरु’ म्हणतात, घराचं नाव, आणि ते आधी लिहितात. त्यांच्या पत्रिकांची मुद्रितं वाचताना मी शिकले की नावातला कुठला शब्द घराचा आणि कुठला माणसाचा हे आधी विचारून घ्यावं. मन्रोंतही हे लागतं. एका लेखकाचं नाव हेक्टर ह्यू मन्रो. आडनावाआधीचे दोन्ही शब्द दुसऱ्या दोन नामांकित मन्रोंची पहिली नावं आहेत! हेक्टर म्हणजे सेनापती, ह्यू म्हणजे डोंगर मोजणारा, आणि हा तिसराच, ‘साकी’ या टोपणनावाने कथा लिहिणारा. जन्म १८७०, ब्रह्मदेशातलं अक्याब. १९१६ साली फ्रान्सच्या रणभूमीवर मारला गेला.

आता मुख्य कसोटी. कधी, कुठं, काय काम, हे तीन प्रश्न प्रत्येक वाक्याला विचारायचे. सोलापूरच्याच वाक्यावर करून दाखवते.

१८१८ साली जिवंत असलेले मन्रो बाजूला काढा. हेक्टर तिथंच गळतो. त्याचं मोठं काम त्याआधीचं: १७६४ सालची बक्सरची लढाई, १७७८ साली पाँडिचेरी, १७८१ साली नागपट्टणम. जॉन १८१८ साली जिवंत होता, हिंदुस्थानातही होता, पण त्रावणकोरात रेसिडेंट म्हणून, म्हणजे संस्थानच्या दरबारातला इंग्रजांचा वकील म्हणून. १८१० पासून त्याचं ठाणं तिथंच, मधली काही वर्षं तर तो त्या संस्थानचा दिवाणही होता. जेम्स तेव्हा अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष, १८१७ ते १८२५. उरला थॉमस. जन्म २७ मे १७६१, ग्लासगो. त्या वर्षी धारवाड-बदामीकडून बेळगाव घेत तो उत्तरेला सरकत होता. १० मे रोजी त्याच्या फौजेने सोलापूरची पेठ घेतली आणि १५ मे रोजी किल्ला त्याच्या ताब्यात आला. तीनही प्रश्नांची उत्तरं जुळली. आता नाव लिहा: थॉमस मन्रो.

मग हेक्टरचं नाव पुन्हा पुन्हा का घुसतं? याचं उत्तर मला बऱ्याच उशिरा सापडलं आणि सापडलं त्या दिवशी फार समाधान वाटलं. थॉमस १७८० साली साधा कॅडेट म्हणून मद्रासला उतरला. त्याच वर्षी म्हैसूरचा हैदरअली कर्नाटकात, म्हणजे तेव्हा ज्याला कर्नाटक म्हणत त्या मद्रासभोवतालच्या मुलखात, उतरला आणि मद्रासच्या फौजेचा सेनापती होता सर हेक्टर मन्रो. सप्टेंबरात पोल्लिलूरला कर्नल बेलीची तुकडी कापली गेली तेव्हा हेक्टर जवळच कांचीपुरमला होता. त्याला जड तोफा तिथल्या तळ्यात टाकून मद्रासला माघार घ्यावी लागली. एकोणीस वर्षांचा थॉमस त्याच सैन्यात होता. त्याच युद्धात इन्स मन्रो नावाचा कप्तान, हा तिसरा मन्रोही होता आणि त्याने पुढं १७८९ साली त्या मोहिमेची हकिकत छापली. एका युद्धात तीन मन्रो, एक सेनापती, एक कप्तान, एक पोरगेला कॅडेट! अशा वेळी ‘मन्रो म्हणतो’ एवढंच लिहिलेलं वाक्य आलं तर ते पुढं जाऊ देऊ नका. मुद्रिताच्या समासात प्रश्नचिन्ह करा आणि लेखकाला परत पाठवा.

थॉमस मन्रोसाठी मी दोन शाया ठेवते. निळी नोंदींसाठी, हिरवी आख्यायिकांसाठी. त्याच्याइतक्या आख्यायिका दुसऱ्या कुठल्या मन्रोभोवती नाहीत. १८०० ते १८०७ बल्लारी, अनंतपूर, कडप्पा, कर्नूल या मुलखाचा तो मुख्य कलेक्टर होता. शेतसारा थेट रयतेकडून घ्यायची रयतवारी पद्धत त्याने तिथं घट्ट केली. हे निळ्या शाईत. सोलापूरहून वाडी, रायचूर करत मंत्रालयमला जाणाऱ्या कुणालाही विचारा, तो सांगेल की मठाच्या जमिनीची चौकशी करायला आलेल्या मन्रो साहेबाला राघवेंद्र स्वामींनी समाधीतून दर्शन दिलं आणि त्याच्याशी बोलले. हे हिरव्या शाईत. तिरुमलाला नैवेद्य शिजवण्याच्या एका मोठ्या भांड्याला ‘मन्रो गंगाळम्’ म्हणतात, ते त्याने दिलं असं सांगतात. तेही हिरव्यात. हिरवी शाई म्हणजे खोटं नव्हे. भक्तांच्या श्रद्धेला मी हात लावत नाही. पण कुठली गोष्ट कागदपत्रातून आली आणि कुठली तोंडातोंडी, हे वाचणाऱ्याला कळलं पाहिजे. १८२० साली तो मद्रासचा गव्हर्नर झाला. ६ जुलै १८२७ रोजी कर्नूलकडच्या पत्तिकोंड्याला पटकीने गेला. चेन्नईत त्याचा घोड्यावरचा पुतळा आहे, चँट्रे नावाच्या शिल्पकाराचा. त्या घोड्याला खोगीर नाही आणि रिकिबीही नाहीत. चेन्नईला गेलात तर मुद्दाम थांबून बघा.

पुढचा रकाना: हे आडनाव त्या माणसाकडे आलं कसं? नोबेल मिळालेल्या कॅनेडियन कथालेखिका ॲलिस मन्रो जन्माने लेडलॉ. मन्रो हे त्यांच्या पहिल्या नवऱ्याचं आडनाव, घटस्फोटानंतरही लेखनात तेच राहिलं. २०१३ चा पुरस्कार, २०२४ साली निधन. नटी मेरिलिन मन्रोचं कागदोपत्री नाव नॉर्मा जीन मॉर्टेन्सन. पडद्यासाठी तिने आईचं माहेरचं आडनाव घेतलं. अशा नोंदीत ‘मन्रो घराण्यातली’ असं लिहिणं चूकच.

एडिंबरोचे डॉक्टर तर आडनावच नव्हे, पहिलं नावही वाटून घेतात. आजोबा, वडील, मुलगा, तिघेही अलेक्झांडर मन्रो आणि १७२० ते १८४६ अशी सव्वाशे वर्षं तिघेही तिथल्या विद्यापीठात शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक. लोक त्यांना पहिला, दुसरा, तिसरा असा आकडा लावतात. माझी भाची इथल्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकत होती तेव्हा मेंदूतल्या एका छिद्राचं नाव पाठ करत होती, फोरामेन ऑफ मन्रो. मी विचारलं, कितवा मन्रो? तिने पुस्तक पुन्हा उघडलं. दुसरा.

ठिकाणांना वहीच्या मागच्या बाजूने सुरुवात करा, म्हणजे माणसं आणि जागा मिसळत नाहीत. प्रत्येक जागेपुढं ‘कुणावरून’ असा रकाना हवा. लायबेरियाची राजधानी मन्रोव्हिया ही राष्ट्राध्यक्ष जेम्सवरून. केरळातलं बेट कर्नल जॉनवरून. स्कॉटलंडात फायरिश टेकडीवर एक कमानींचं स्मारक आहे. ते हेक्टरने स्वतः बांधून घेतलं आणि त्याचा आकार नागपट्टणमच्या वेशीसारखा आहे. म्हणजे जागा रॉस परगण्यातली, पण नोंद तमिळनाडूलाही जोडावी लागते.

मुन्नार मात्र या यादीत घालू नका. तिथल्या डोंगरांत मळ्यांसाठी १८७७ साली पूंजारच्या राजाकडून जमीन घेणारा माणूस जॉन डॅनियल मन्रो होता हे खरं. नावं कानाला जवळची लागतात, तेही खरं. पण मुन्नार म्हणजे ‘मून्‌रु आरु’, तीन नद्या. कानाला जुळलं म्हणून नातं लावायचं नाही.

आणि एक नोंद माणसात की जागेत, याचा मी बरेच दिवस विचार केला. सर ह्यू मन्रो यांनी १८९१ साली स्कॉटलंडच्या तीन हजार फुटांवरच्या शिखरांची यादी छापली. आज त्या प्रत्येक शिखरालाच ‘मन्रो’ म्हणतात. सध्या यादीत २८२ आहेत. सगळ्यांत उंच बेन नेव्हिस, १३४५ मीटर, आपल्या कळसूबाईपेक्षा तीनशे मीटरने ठेंगणं. ह्यू १९१९ साली गेले तेव्हा त्यांची स्वतःची यादी चढून संपलेली नव्हती. इथं आडनावाचं सामान्यनाम झालं. म्हणून ‘त्याने चाळीस मन्रो केले’ असं वाक्य आलं तर ते लढाईचं नसून चढाईचं असतं. मी याला वेगळं पान दिलं.

वही इतकी झाली की उलट बाजूचं आडनावही हाती घ्या. १८१८ साली किल्ल्याबाहेर पेशव्यांच्या तोफा घेऊन लढताना गणपतराव पानसे जखमी झाले. आपल्याकडच्या लेखांत मन्रोला तीन परिच्छेद मिळतात आणि त्यांना जेमतेम अर्धी ओळ, तीही बहुतेक नुसतं ‘पानसे’ म्हणून. पानसे हे पेशव्यांच्या तोफखान्याचं घराणं. सासवडजवळ सोनोरीचा मल्हारगडही पानश्यांनीच बांधला, पण तो सोलापूरच्या लढाईच्या जवळपास साठ वर्षं आधी. म्हणजे गडवाले पानसे वेगळे आणि आपल्या पेठेबाहेर उभे राहिलेले वेगळे. माझ्या वहीत मन्रोंच्या पानांनंतर चार कोरी पानं सोडून पानश्यांची पानं सुरू होतात. गणपतरावांच्या पानावर माथ्याला १८१८ लिहिलं आहे, त्याखाली सोलापूर, त्याखाली तोफखाना.