मेळघाटात अस्वलाच्या मागावर

अस्वलाची शिकार वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंद झाली. माग काढायची विद्या मात्र मेळघाटच्या (अमरावतीजवळच्या सातपुड्यातलं व्याघ्र प्रकल्पाचं जंगल) कोरकू या आदिवासी जमातीच्या गाईडांकडे अजून शाबूत आहे, आणि अस्वल बघायला तीच लागते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात बिबटे आहेत, अस्वल नाही. म्हणून मुंबईकराला सातपुडा गाठावा लागतो.

जायचं मार्चअखेर ते मेअखेर. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं पहाटे टपटप गळतात आणि अस्वल ती वेचायला झाडाखाली येतं. मग तेंदू पिकतो, बहाव्याच्या शेंगा तयार होतात, जूनच्या तोंडावर जांभळं. पाणीही तोवर मोजक्याच पाणवठ्यांत उरलेलं असतं. हिवाळ्यात बोरं आणि वारुळं असतात, पण गवत उंच असल्यामुळे जनावर दहा फुटांवर असूनही दिसत नाही. शिवाय डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास मादी पिलांसह गुहेत असते. पावसाळ्यात कोअर, म्हणजे जंगलाचा गाभ्याचा भाग बंद.

मुंबईहून अमरावती एक्सप्रेस रात्री सुटते आणि सकाळी पोचवते. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, आणि मेच्या सुट्टीत ते त्याच दिवशी संपतं हे गृहीत धरा. सेमाडोह, कोलकास किंवा चिखलदऱ्याला जायचं असेल तर अमरावतीला उतरून परतवाडा, साधारण 50 किलोमीटर. पुढे घाट. शहानूर आणि नरनाळ्याकडून जायचं असेल तर अकोल्याला उतरून अकोटमार्गे. रोख पैसे परतवाड्यात किंवा अकोटलाच काढून घ्या. आत बऱ्याच ठिकाणी मोबाइलला रेंजही नसते. एका शनिवार-रविवारात हे बसत नाही. किमान चार सफाऱ्या धरा, त्याही एकाच गेटच्या. रोज गेट बदललं की दरवेळी नवा गाईड, आणि काल संध्याकाळी ताजं खोदलेलं वारूळ कुठे होतं ते त्याला ठाऊक नसतं.

गाडीत बसण्याआधीच गाईडला सांगून टाका: “दादा, वाघ नाही दिसला तरी चालेल, आम्हाला अस्वल बघायचंय.” हे वाक्य निम्मं काम करतं. ते न बोलल्यास चितळाचा कॉल, म्हणजे वाघाची चाहूल देणारी हाक, ऐकू आला की जिप्सी तिकडे धावते आणि सकाळची सगळी वेळ धुळीत जाते. अस्वल असं पळून सापडत नाही. त्याचं खाणं शोधायचं, गाडी बंद करायची आणि कान द्यायचा. वाळवी खाताना ते वारुळात नळकांड्यासारखे ओठ खुपसून आधी माती फुंकतं, मग ओढून घेतं. वरचे मधले दोन दात त्याला नसतातच, त्या फटीतून वाळवी सरळ आत जाते. हा फुर्रर्र-सुर्रर्र आवाज शांत रानात शंभर मीटरवरूनही ऐकू येतो. इंजिन चालू असेल तर अर्थातच येत नाही.

रस्त्याच्या धुळीत पाऊल दिसलं तर पुढच्या पंजाकडे बघा. पाच बोटं जवळजवळ एका ओळीत आणि त्यांच्या बरीच पुढे नखांची टोकं. मागचं पाऊल माणसाच्या अनवाणी पावलासारखं लांबट. विष्ठेत मोसम लिहिलेला असतो: तेंदूच्या बिया, मोहाचा चोथा, नाहीतर वाळवीच्या डोक्यांचा चमकणारा चुरा. ओलसर असेल तर गाईडला अर्धा तास तिथेच थांबायला सांगा.

वाऱ्याकडे शहरी माणसाचं लक्ष नसतं आणि इथेच घोळ होतो. डोंगरात पहाटेची थंड हवा उताराकडे वाहते, ऊन चढलं की उलटी, वरच्या दिशेला. म्हणजे पहाटे पाणवठ्याच्या वरच्या अंगाला गाडी लावली तर तुमचा वास पाण्यावर आधी पोचतो. अस्वलाची नजर बेताची, पण नाकाला तोड नाही. चिमूटभर राख हवेत सोडून बघा आणि जागा ठरवा. डिओ, अत्तर, सुवासिक तेल मुंबईतच ठेवून या. खाणं कापडी पिशवीत घ्या. वेफर्सचं पाकीट उघडल्याचा आवाज रानात किती मोठा होतो, ते एकदा कळलं की पुन्हा कोणी नेत नाही.

संध्याकाळच्या धूसर उजेडात रानडुकराला अस्वल समजणारे पुष्कळ. डुक्कर तुरुतुरु, सरळ रेषेत जातं. धावताना बऱ्याचदा शेपटी उभी असते. अस्वलाची चाल डुलती, पंजे आत वळलेले, अंगावरची झिपरी केसाळ झूल प्रत्येक पावलाला हलते. पाठीवर गाठोडं दिसलं तर ती मादी. पिलं कित्येक महिने आईच्या पाठीवर बसूनच फिरतात.

फोटोत मात्र या काळ्या रंगानं भल्याभल्यांची फजिती होते. अस्वलानं चौकट भरली की कॅमेरा ते काळं राखाडी करून टाकतो, म्हणून एक्स्पोजर उणे 0.7 ते उणे 1 करा. मागे उन्हात चमकणारं पिवळं गवत असेल तर उलट होतं, अस्वल नुसता डाग बनतं. तेव्हा थोडं अधिक करा. फोकस केसांवर धरत नाही, कारण तिथे कॅमेऱ्याला पकडायला काही नसतं. फिकट मुस्कट किंवा छातीवरची पांढरट व्ही आकाराची खूण धरा. 100-400 लेन्स पुरते. शटर 1/500च्या खाली नको, आयएसओ 3200पर्यंत जाऊ द्या. लेन्स टेकवायच्या बीनबॅगची पिशवी रिकामी न्या, परतवाड्यात दोन किलो हरभरे घेऊन भरा, परतताना ते कुणाच्यातरी स्वयंपाकाला देऊन टाका. सराव करायचा असेल तर राणीच्या बागेतलं अस्वल आहेच.

वाघापेक्षा पायी चालताना अस्वलाची धास्ती जास्त असते, हे तिथला कुठलाही माणूस सांगेल. ते दबा धरत नाही. अचानक समोरासमोर आलं की घाबरून चेहऱ्यावर, डोक्यावर वार करतं. म्हणून मोहाच्या दिवसांत पहाटे विश्रामगृहाच्या आवाराबाहेर पाऊल टाकायचं नाही. परवानगी असलेल्या पायवाटेवर गाईडबरोबर चालताना बोलत चला, वळणावर काठी आपटा. दिसलंच तर पळू नका, तोंड त्याच्याकडे ठेवून हळूहळू मागे सरका. अंगावर आलंच तर पालथं पडा, मानेमागे हात गुंफा, पाठीवरची सॅक तशीच राहू द्या.

बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावर येणाऱ्या प्राण्यांची नोंद करायची असते. ते मचाण मिळालं तर सोडू नका. त्याचं आरक्षण वनविभागाकडे वेगळं होतं आणि जागा मोजक्याच असतात. दुपारीच मचाणावर चढवतात, खाली यायचं ते सकाळी कर्मचारी न्यायला आले की. माणशी चार-पाच लिटर पाणी, चादर, लाल जिलेटिन कागद लावलेला टॉर्च आणि लघवीसाठी रुंद तोंडाची बाटली न्या. शेवटची वस्तू बरेच जण लाजून नेत नाहीत आणि पहाटे तीनला पस्तावतात. दशम्या चालतील, चकली कुरकुरते, लोणच्याचा वास सुटतो, आणि अस्वल मधासाठी झाडावर चढणारं जनावर आहे हे विसरू नका.

चांदण्यात ते सावलीतून सावलीत येतं, त्यामुळे दिसण्याआधी पाण्याचा लपलप आवाज येतो. टॉर्च लगेच लावू नका, त्याला निवांत पिऊ द्या. नोंदीच्या प्रपत्रात वेळ, संख्या, पिलं आहेत का, ते लिहा. काळं काहीतरी आलं, पण डुक्कर की अस्वल ते ठरवता आलं नाही, तर तसंच लिहा. अंदाजानं अस्वल लिहू नका.