चाल लावायला शिकवणाऱ्या नोट्समधल्या चुका कशा काढायच्या

क्लासच्या ग्रुपवर फिरणारी 'चाल कशी लावायची' टाइपची पीडीएफ कुणी तुमच्याकडे दिली आणि जरा चुका बघ ना म्हणालं, तर आधी शुद्धलेखनाला हात लावू नका. ऱ्हस्व-दीर्घ सगळ्यात शेवटी. पेटी नाहीतर कीबोर्ड घेऊन बसा आणि त्यात लिहिलेली प्रत्येक सरगम वाजवून बघा, नुसतं वाचून निम्म्या चुका सापडत नाहीत.

सगळ्यात जास्त गोंधळ कोमल स्वरांचा, म्हणजे शुद्ध स्वरापेक्षा थोड्या खाली उतरलेल्या स्वरांचा. भातखंडे पद्धतीत (स्वर कागदावर लिहायची पद्धत) कोमल स्वराच्या खाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ, मंद्राला (खालच्या सप्तकाला) खाली टिंब आणि तारसप्तकाला वर टिंब असतं, आणि कॉपी-पेस्ट करताना पहिली उडते ती कोमलची रेघ. मग भीमपलासचे ग आणि नि शुद्ध होऊन बसतात आणि आरोह वाजवला की चक्क तिलंग ऐकू येतो! नवशिक्याला हे कळणार कसं, तो बिचारा तेच पाठ करतो. म्हणून नुसती रेघ परत मारू नका, वर शब्दांतच लिहा: ग, नि कोमल, आरोहात (चढताना) रे, ध वर्ज्य, म्हणजे घ्यायचे नाहीत. शब्द सहसा उडत नाहीत.

दुसरी चूक म्हणजे 'राग म्हणजे स्केल'. हे वाक्य दिसलं की खोडाच, पण खाली उदाहरण द्या, नाहीतर वाचणाऱ्याला वाटतं उगाच खोडलं. भूप आणि देशकार दोन्हीत सा रे ग प ध एवढेच स्वर, पण भूपाचा वादी (सगळ्यात महत्त्वाचा स्वर) ग, देशकारचा ध, एक खाली पूर्वांगात (सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात) रमतो आणि दुसरा वर उत्तरांगात (वरच्या अर्ध्यात). चाल लावताना कुठे थांबायचं ते यावरच ठरतं ना. याच पानावर बहुतेक वेळा 'काफी थाट म्हणजे मायनर स्केल' पण असतं (थाट म्हणजे राग ज्यात बसवतात तो सात स्वरांचा साचा). तेही चूक, काफीत ध शुद्ध असतो आणि नॅचरल मायनरमध्ये कोमल, म्हणून नॅचरल मायनरचे स्वर हवे असतील तर आसावरी थाट लिहा.

तालाच्या पानावर दादरा 6, केहरवा 8, रूपक 7 हे मात्रांचे आकडे सहसा बरोबर असतात, 'सम (तालाची पहिली मात्रा) नेहमी टाळीवर' तेवढं काढा कारण रूपकाची सम 'खाली'वर, म्हणजे टाळी न देता हात मोकळा सोडतात त्या जागी, येते.

अभंगाचा भाग मात्र नीट तपासा. 'ओळीच्या मात्रा मोजा' असं लिहिलेलं असतं, पण अभंगात अक्षरं मोजतात, मोठ्या अभंगात पहिल्या तीन चरणांत 6-6 आणि चौथ्यात 4, जोडाक्षर एकच धरायचं, यमक साधारण दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला. चौथा चरण आखूड म्हणून तिथे शेवटचं अक्षर लांबवायला किंवा तान घ्यायला जागा मिळते, आणि माझ्या मते चाल तिथेच बनते किंवा बिघडते, तर ही ओळ नोट्समध्ये नसेल तर स्वतः घाला.

आणि 'सा म्हणजे पांढरी एक' (पेटीवरची पहिली पांढरी पट्टी) असं कुठे असेल तर तेही बदला. काळी एकमध्ये गाणारा काळी एकलाच सा धरणार.

हे झालं की फाइलच्या नावात तारीख टाका आणि ग्रुपवरची जुनी पीडीएफ डिलीट करायला लावा, नाहीतर पुढच्या बॅचला परत तीच जाते.