निवृत्तीनंतर प्रशिक्षक: खेळाडूने सुरुवात कुठून करावी

बास्केटबॉलपटू जेसन किड 2013 च्या जूनमध्ये खेळाडू म्हणून निवृत्त झाला आणि त्याच महिन्यात एनबीए या अमेरिकन लीगमधल्या ब्रुकलिन नेट्स संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला. अशी संधी क्वचितच कुणाला मिळते. एरिक स्पोल्स्ट्राचा मार्ग जास्त खरा. जर्मनीत व्यावसायिक बास्केटबॉल खेळून तो 1995 मध्ये त्याच लीगमधल्या मायामी हीट संघाच्या व्हिडिओ विभागात लागला. मुख्य प्रशिक्षक व्हायला 2008 उजाडलं. तुम्हीही व्हिडिओच्या खोलीतूनच सुरुवात करा. अनेक देशांच्या लीगमध्ये प्रशिक्षकाचा परवाना लागतो, त्यामुळे तो अभ्यासक्रम खेळत असतानाच उरकून घ्या.

पॉइंट गार्डला (चेंडू पुढे आणून चाल रचणारा) पोस्टमधल्या, म्हणजे बास्केटजवळच्या, खेळाडूच्या अडचणी दिसलेल्या नसतात, सेंटरला (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) गार्डच्या. म्हणून एकच सामना तीनदा बघा. एकदा चेंडूसोबत, एकदा चेंडू हातात नसलेल्या चौघांकडे, एकदा फक्त डिफेन्सकडे. प्रत्येक पझेशनची (संघाकडे चेंडू असण्याची एक पाळी) एक ओळ लिहा: घड्याळात किती सेकंद होते, कोणती चाल होती, शॉट कुठून गेला. खेळाडूंना दाखवताना आठ-दहा क्लिप पुरेत. त्याहून जास्त झाल्या की लक्ष उडतं.

खरी कसोटी शिकवताना लागते. स्वतःला सहज जमणारी गोष्ट सुटी करून सांगणं अनुभवी खेळाडूंनाही अवघड जातं. क्लोजआउटच घ्या, म्हणजे शॉट घेऊ पाहणाऱ्याला अडवायला डिफेन्समधल्या खेळाडूने धावत जाणं. ‘शूटरवर धाव’ एवढं सांगून काहीच होत नाही. अंतराचा पहिला दोन-तृतीयांश भाग पूर्ण वेगात, मग छोटी, झपझप पावलं. कंबर खाली, वजन किंचित मागे, एक हात चेंडूच्या दिशेने वर, आणि हातभर अंतरावर थांबायचं. वेग वेळेवर कमी झाला नाही तर शरीर पुढे झुकतं, शॉटच्या हुलकावणीवर पाय जमिनीवरून सुटतात आणि शूटर बाजूने निघून जातो. दोन्ही पाय एका रेषेत राहिले तर वळायला उशीर होतो. एका वेळी एकच चूक सुधारा, आधी पावलं आणि मग हात.

दीड तासाच्या सरावात 10 मिनिटं वॉर्मअप, 20 वैयक्तिक कौशल्य, 25 तीन-विरुद्ध-तीन किंवा चार-विरुद्ध-चार, 25 पूर्ण संघ आणि शेवटची 10 थकलेल्या पायांनी फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे मोकळे शॉट). रांगेत तिघांहून जास्त खेळाडू उभे असतील तर दुसरी बास्केट वापरा. समजावणं अर्ध्या मिनिटात संपवा. आणि स्वतः ड्रिलमध्ये उतरू नका: तुम्ही खेळू लागलात की बाकीचे नऊ जण काय करतायत हे कुणीच बघत नाही.

फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघ) नियमांनुसार पहिल्या हाफमध्ये दोन टाइमआउट मिळतात, दुसऱ्यात तीन. चौथ्या क्वार्टरच्या शेवटच्या दोन मिनिटांत त्यांपैकी जास्तीत जास्त दोनच घेता येतात. प्रत्येक टाइमआउट एक मिनिटाचा. पहिली 15 सेकंदं सहायकांशी बोला, तोवर खेळाडू पाणी पितील. मग दोनच गोष्टी सांगा: डिफेन्समध्ये काय बदलायचं आणि पुढचा चेंडू कुणाच्या हातात जाणार. बोर्डवर तीन पर्याय काढलेत तर कोर्टवर परतताना पाचही जणांच्या डोक्यात वेगवेगळी चाल असते.

कालचे सहकारी आज तुमच्या हाताखाली असतील तर कुणाला किती मिनिटं मिळणार हे प्रत्येकाला सामन्याआधी, एकट्याला गाठून सांगा. बेंचवर बसल्यावर त्याला ते कळलं तर पुढच्या सरावात तो तुमचं ऐकत नाही, आणि त्याचे जवळचे मित्रही नाही.