डेटास्टेजचे डेटासेट नीट कसे काढून टाकायचे

आयबीएमच्या डेटास्टेजवर (एका ठिकाणचा डेटा उचलून, बदलून दुसरीकडे भरणारं सॉफ्टवेअर) सपोर्टला लागलात की जागा मोकळी करायचं काम लवकरच अंगावर येतं. एखाद्या डेटासेटची, म्हणजे जॉबने डिस्कवर साठवलेल्या डेटाची, जुनी डॉट डीएस फाइल दिसते, युनिक्स येत असतं, हात लगेच 'आरएम'कडे, म्हणजे फाइल डिलीट करायच्या कमांडकडे जातो. तिथेच थांबा.

डॉट डीएस फाइलमध्ये तुमचा डेटा नसतो. ती नुसती डिस्क्रिप्टर फाइल. तिच्यात कॉलमची रचना असते, कॉन्फिगरेशन फाइलची (कुठले नोड आणि कुठल्या डिस्क वापरायच्या ते सांगणारी फाइल) प्रत असते आणि प्रत्येक पार्टिशनचा, म्हणजे डेटाच्या प्रत्येक तुकड्याचा, डेटा कुठे पडला आहे त्याचा पत्ता असतो. खरा डेटा कॉन्फिगरेशनमध्ये 'रिसोर्स डिस्क' म्हणून दिलेल्या डिरेक्टरीत, नोडनुसार वाटलेला असतो. 'आरएम' केलं की पत्ता जातो, डेटा तिथेच राहतो आणि डेटास्टेजला तो पुन्हा सापडत नाही.

माझ्या एका प्रोजेक्टवर रात्रीची बॅच डिस्क भरल्यामुळे अडली. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये जुना एकही डेटासेट नव्हता, रिसोर्स डिस्कवर मात्र फाइलींचा खच. क्रॉनमधली (ठरल्या वेळी आपोआप चालणारी) सफाईची स्क्रिप्ट कितीतरी महिने फक्त डिस्क्रिप्टर उडवत होती. त्या फाइलींची नावं वाचायला शिका: आधी डेटासेटचं नाव, मग युजर, मग होस्ट आणि पुढे आकड्या-अक्षरांची लांब शेपटी. कुठल्या जॉबचा माल आहे ते बहुतेक वेळा नावावरूनच कळतं.

काढायची रीत सोपी आहे. डेटास्टेजच्या डिझायनर प्रोग्राममध्ये टूल्स मेनूत डेटासेट मॅनेजमेंट आहे. एखाददुसरा डेटासेट तिथूनच काढा, आधी पार्टिशन आणि आकार बघता येतात. जास्त असतील तर सर्व्हरवर डेटास्टेजची स्वतःची कमांड 'ऑर्चअ‍ॅडमिन डिलीट'. त्याआधी डीएसएनव्ही (डेटास्टेजच्या सेटिंगची स्क्रिप्ट) सोर्स करा आणि एपीटी कॉन्फिग फाइलचं, म्हणजे कॉन्फिगरेशन फाइल कुठे आहे ते सांगणारं, व्हेरिएबल सेट करा, नाहीतर कमांड चालणारच नाही. (नावातला 'ऑर्च' म्हणजे ऑर्केस्ट्रेट, टॉरंट सिस्टिम्सचं पॅरलल इंजिन. ते 2001 मध्ये असेंशल कंपनीकडे आलं आणि 2005 मध्ये असेंशलसकट आयबीएमकडे.)

डिलीटचा 'उणे एफ' हा पर्याय जपून वापरा. एखादा नोड बंद असला तरी तो बाकीच्या नोडवरचा डेटा काढून टाकतो, पण बंद नोडवरच्या फाइली बेवारस राहतात. नोड चालू होईपर्यंत थांबणं मला केव्हाही बरं वाटतं. डेटासेटची रचना ठेवून फक्त आतला डेटा काढायचा असेल तर 'ट्रंकेट' आहे.

आणखी एक सापळा बॅकअपचा. डॉट डीएसची युनिक्सच्या 'सीपी' कमांडने प्रत काढली की दोन डिस्क्रिप्टर एकाच डेटाकडे बोट दाखवतात. मूळ डेटासेट ऑर्चअ‍ॅडमिनने काढला की तो 'बॅकअप'ही रिकामा पत्ता होऊन बसतो. खरी प्रत हवी असेल तर 'ऑर्चअ‍ॅडमिन कॉपी'.

आधीच बेवारस झालेल्या फाइलींना मात्र हातानेच 'आरएम' करावं लागतं. त्यासाठी सगळ्या जिवंत डिस्क्रिप्टरवर 'ऑर्चअ‍ॅडमिन डिस्क्राइब उणे एफ' (हा 'उणे एफ' डिलीटच्या पर्यायाहून वेगळा) चालवून डेटा फाइलींची यादी काढा, ती रिसोर्स डिस्कवरच्या यादीशी ताडून पाहा आणि उरलेल्यांतल्या जुन्या तेवढ्याच उचला. ही ताडणी बॅच बंद असतानाच करा, कारण चालू जॉब लिहीत असलेल्या फाइलीही बेवारस वाटू शकतात. यादी सीनियरला दाखवून मेलवर होकार घ्या, मगच डिलीट.