शिक्षकांचे ब्लॉगवाचन: फीड रीडरची मांडणी आणि वर्गातील उपयोग

हातच्याची वजाबाकी रीतीप्रमाणे बरोबर करणारी चौथीतील मुले ५०३ मधून २६७ वजा करताना मधल्या शून्यापाशी अडखळतात, हा अनुभव बहुतेक प्राथमिक शिक्षकांना असतो. महिन्याच्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत या अडचणीची पाळी येईलच असे नाही. आणि व्हॉट्सॲपच्या गटावर ती मांडली, तर शासन निर्णय, माहिती भरण्याच्या लिंका व वाढदिवसाच्या शुभेच्छा यांखाली ती तासाभरात दिसेनाशी होते. अशा अडचणींवर शिक्षक सविस्तर लिहितात ते बहुधा ब्लॉगवर. मात्र रोज वीस ब्लॉग उघडून नवे काही आले का हे पाहणे कोणालाच शक्य नसते, आणि नेमके तेच काम फीड रीडर करतो.

बहुतेक ब्लॉग आपल्या ताज्या नोंदींची यादी आरएसएस किंवा ॲटम या ठरावीक स्वरूपात आपोआप प्रसिद्ध करत असतात. या यादीला फीड म्हणतात. फीड रीडर आपण निवडलेल्या सर्व याद्या वेळोवेळी तपासून नव्या नोंदी एकाच ठिकाणी तारखेनुसार मांडतो. फीडली किंवा इनोरीडर यांपैकी एकावर विनामूल्य खाते उघडावे, शोधाच्या चौकटीत ब्लॉगचा पत्ता चिकटवावा आणि तो यादीत जोडावा. फीड सापडले नाही आणि ब्लॉग वर्डप्रेसवर असेल, तर पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ देऊन फीड हा शब्द इंग्रजीत लिहून पाहावा.

रीडरमधील कप्प्यांना विषयांची नावे देण्याऐवजी आपल्या अडचणींची नावे द्यावीत, असे माझे मत आहे. ‘गणित’ या कप्प्यात काहीही साठत जाते. ‘शून्य असलेली वजाबाकी’ किंवा ‘वाचनात मागे पडलेली मुले’ या कप्प्यात काय ठेवायचे, हे आपोआप ठरते.

ब्लॉग निवडताना संख्या दहाच्या आत ठेवावी. मराठीत जिल्हा परिषद शिक्षकांचे अनेक ब्लॉग आहेत, परंतु त्यांतील पुष्कळ ब्लॉग परिपत्रके आणि पीडीएफ यांची कोठारे आहेत. ती कार्यालयीन कामाला उपयोगी पडत असली, तरी त्यांतून शिकवण्याबद्दल फारसे हाती लागत नाही. लेखकाने वर्गात काय केले, मुले काय म्हणाली आणि काय फसले हे ज्या ब्लॉगवर वाचायला मिळते, तो ठेवावा. इंग्रजीतील ‘द लर्निंग सायंटिस्ट्स’ हा ब्लॉग स्मरण, सराव आणि उजळणी यांवरील संशोधन सोप्या भाषेत सांगतो. लॅरी क्युबन हे माध्यमिक शाळेत इतिहास शिकवून पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठात प्राध्यापक झालेले लेखक शाळासुधारणांच्या घोषणा आणि प्रत्यक्ष वर्ग यांतील अंतराविषयी लिहितात. ब्राउझरमधील यांत्रिक भाषांतराने आशय साधारण कळतो, पण त्यात हातचा घेण्यासाठीच्या ‘बॉरो’ या इंग्रजी शब्दाचे ‘कर्ज’ होण्याचा संभव असल्याने पारिभाषिक शब्द मुळात पाहून घ्यावेत.

वाचनासाठी आठवड्यातून दोन दिवस, प्रत्येकी वीस मिनिटे पुरेशी आहेत. शीर्षके चाळून दोन-तीन नोंदी उघडाव्यात, त्यांतील एक जपून ठेवावी आणि उरलेल्या सर्व नोंदी वाचल्याची खूण करून मोकळे व्हावे. साचलेल्या नोंदींचा आकडा पाहून अपराधी वाटू लागले, की शिक्षक रीडर उघडणेच सोडून देतात.

जपून ठेवलेल्या नोंदीचा सारांश पाठ टाचणाच्या वहीत चार ओळींत उतरवावा आणि लेखकाच्या वर्गाची स्थितीही लिहावी, कारण एकाच इयत्तेच्या वर्गात जमलेली कृती द्विशिक्षकी शाळेतील जोडवर्गात जशीच्या तशी चालत नाही. समजा, नोंदीत ठोकळ्यांची कृती आहे. आपल्याकडे काड्यांचे गठ्ठे असतील, तर ५०३ मधील एक शतक सोडून दहा दशक करावेत आणि त्यांतला एक दशक सोडून दहा सुट्या काड्या कराव्यात. आता ४ शतक, ९ दशक आणि १३ एकक मुलांच्या समोर असतात, आणि त्यांतून २६७ काढल्यावर २३६ उरतात. हे करताना मुले कुठे थांबली, काय बोलली, हे त्याच दिवशी लिहून ठेवावे.

अशा पाच-सहा टिपणांनंतर स्वतःचा ब्लॉग सुरू करण्यास हरकत नाही. तीनशे शब्दांची, एका तासिकेपुरती नोंद पुरते. मुलांची नावे देऊ नयेत आणि पालकांच्या संमतीवाचून छायाचित्रे टाकू नयेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शिक्षकांसाठी वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा आहे. या वाचन-लेखनाचे प्रमाणपत्र मात्र कोणी देत नाही, हे आधीच ओळखून असावे.

शेवटची खबरदारी तांत्रिक आहे. गूगल रीडर ही लोकप्रिय सेवा १ जुलै २०१३ रोजी बंद झाली, तेव्हा ज्यांनी आपली यादी उतरवून घेतली होती त्यांना ती दुसऱ्या रीडरमध्ये नेता आली. म्हणून दर सत्राच्या अखेरीस रीडरच्या सेटिंगमधून आपल्या फीडांच्या यादीची ओपीएमएल ही फाइल उतरवून घ्यावी आणि स्वतःच्याच ईमेलवर पाठवून ठेवावी.