जुन्या चुन्याच्या इमारतीत नवं ऑफिस करताना

चुन्यात बांधलेल्या जुन्या दगड-विटांच्या इमारतीत ऑफिस करायचं असेल तर फर्निचरच्या आधी पाण्याचा बंदोबस्त करा. छप्पर, पन्हाळी, जुने पाइप, भिंतीचा पायथा. ओल कुठून येते ते शोधून थांबवा आणि मग भिंत वाळू द्या. जाड भिंतीला त्यासाठी कित्येक महिने लागतात. ही मुदत वेळापत्रकात सुरुवातीलाच धरा, नंतर मागून कुणी देत नाही.

पूर्वी कुणी सिमेंटचा गिलावा केला असेल तर तो छिन्नीने जपून उतरवा, ब्रेकर नको. चुन्याची भिंत ओल घेते आणि हवेत सोडते. सिमेंटने ती वाट बंद होते, क्षार विटेच्या पृष्ठभागाखाली साचून स्फटिक बनतात आणि विटेचा दर्शनी भागच सुटून येतो. बाहेरून फक्त लोणा, म्हणजे क्षारांची पांढरी पूड, आणि पोपडे दिसतात. त्यावर पुट्टी आणि प्लास्टिक पेंट मारला की भिंत आणखी खराब होते.

दरजा, म्हणजे विटा-दगडांमधले सांधे, भरताना सैल माल दरजेच्या रुंदीच्या दुप्पट, निदान 25 मिमी खोल काढा. इथे ग्राइंडर चालवू देऊ नका; विटांच्या कडा एकदा कापल्या गेल्या की गेल्या. दरज झाडून पाणी मारा आणि एक भाग चुन्याला अडीच ते तीन भाग वाळू असा माल दाबून भरा. गिलाव्याचा थर साधारण 10 मिमीचा ठेवा आणि आधीचा घट्ट झाल्याशिवाय पुढचा चढवू नका. चुना हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे सावकाश कडक होतो, म्हणून सुरुवातीचे दिवस ओलं पोतं लावून ठेवा. लवकर वाळावा म्हणून पंखे लावले तर तडे जातात. आधी 1 मीटर बाय 1 मीटरचा नमुना मंजूर करून घ्या, आणि काम संपेपर्यंत तो तसाच उघडा ठेवा म्हणजे ताडून बघता येतं.

लाकडी मजल्यात तुळईचं भिंतीत गेलेलं टोक टोच्याने तपासा. मधे लाकूड ठणठणीत असतं, सड तिथे लपते. फाइलींची सरकती कपाटं आणि यूपीएसच्या बॅटऱ्या यांचा भार स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासल्याशिवाय वरच्या मजल्यावर चढवू नका.

पार्टिशनचे स्क्रू दगडात नाही, दरजेत घ्या. उद्या काढले तर भोक चुन्याने बुजवता येतं. काचेची मापं फरशी पूर्ण झाल्यावर, काच बसायच्या प्रत्येक मोकळ्या जागेची वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी घ्या. जुनी भिंत ओळंब्यात क्वचितच असते आणि टफन्ड काच नंतर कापता येत नाही. फरक भरून काढायला कडेला खोल चॅनेल लावा.

फॉल्स सीलिंगची घाई हा सगळ्यात महागडा मोह. बंद करण्यापूर्वी एसीच्या ड्रेनला 100 ला 1 उतार आहे का बघा आणि प्रत्येक युनिटच्या ट्रेमध्ये बादलीभर पाणी ओतून ते शेवटच्या तोंडाशी येतं का तपासा. स्प्रिंकलरच्या पाइपांची दाबचाचणी उरका, केबलचे फोटो मापपट्टी धरून काढा. व्हॉल्व्ह आणि ड्रेनच्या वळणांखाली उघडता येणारं झाकण ठेवा, निदान 450 मिमी चौरस, म्हणजे दुरुस्तीला येणाऱ्याचा हात आणि पाना दोन्ही आत जातील.