इचॉनचे जडणकाम आपल्या आव्यात कसे करावे

दक्षिण कोरियात सेऊलच्या आग्नेयेस वसलेल्या इचॉनला युनेस्कोने २०१० साली हस्तकला व लोककलेचे सर्जनशील शहर म्हणून मान्यता दिली. गोर्यो या कोरियातील जुन्या राजवटीच्या काळातील निळसर-हिरव्या भांड्यांची परंपरा तेथील कुंभार आजही चालवतात. तो हिरवा लुकण, म्हणजे भांड्यावरची काचेसारखी झिलई, मात्र विदर्भातील खेड्यात साधणार नाही, कारण त्याला सुमारे १२५० अंशांचे तापमान आणि हवा कोंडलेली भट्टी लागते, आणि आपला उघडा आवा तेवढा तापत नाही. त्या भांड्यांवरील 'सांगगम' हे जडणकाम, म्हणजे नक्षी कोरून तिच्यात वेगळ्या रंगाची माती भरणे, आपल्याकडे नक्की करता येते.

तलावातील गाळाची माती नुसती वापरल्यास फार आकसते. तिच्यात बारीक चाळलेली वाळू मिसळावी. मडके थापटल्यावर त्याची भिंत पातळ होते, म्हणून सुरुवातीला जाड कुंडी किंवा परळ घ्यावा, आणि थापटायचे असेल तर ते कोरण्याआधीच उरकावे. नख टेकवल्यावर खूण उमटते पण बोट रुतत नाही, अशा ओलीवर कोरावे. वैशाखात ही अवस्था हातातून लगेच निसटते, त्यामुळे भांडे ओल्या गोणपाटाखाली ठेवावे. घासून टोकदार केलेल्या सायकलच्या तारेने सुमारे दोन मिलिमीटर खोल रेघ ओढावी. गोर्यो भांड्यांवर ढगांत उडणारे क्रौंच असतात; गोंदियाच्या धानशेतातील सारस पाहणाऱ्याला नक्षी दुसरीकडे शोधण्याची गरज नाही.

भरण्यासाठी पांढरी चिनी माती दाट कालवावी. खडू किंवा चुना अजिबात घालू नये, कारण भाजल्यावर तो ओल शोषून फुगतो आणि भांड्याचे टवके उडवतो. भरलेली माती वाळताना खाली बसते, म्हणून दोन-तीनदा भरावी व पूर्ण वाळण्याआधी वरचा थर पातळ पात्याने खरवडावा, म्हणजे रेघ स्वच्छ दिसते. दोन्ही मातींचे आकसणे जुळते की नाही, हे आधी लहान तुकड्यावर भाजून पाहावे. भराव सुटत असेल तर त्याची माती बदलावी. इचॉनला लोहयुक्त माती भरून काळी रेघही काढतात, पण उघड्या आव्यात गेरू लालच राहतो आणि लाल भांड्यावर तो दिसत नाही.

सावलीत पूर्ण वाळलेले भांडे आव्याच्या मध्यभागी ठेवावे. धूर कोंडून काळी भाजणी करू नये, कारण तीत पांढरा भरावही काळवंडतो. आवा पूर्ण थंड झाल्यावरच उघडावा.